नवं प्रवाळ मुख्य टँकमध्ये जाण्याआधी: डिप, क्वारंटाइन आणि उजेडाची सवय

पिशवी उघडायची, दहा मिनिटं डिपमध्ये (किडे मारणाऱ्या द्रावणात) बुडवायचं आणि खडकावर चिकटवून टाकायचं, ही रीफ टँक, म्हणजे जिवंत प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक, ठेवणाऱ्या बहुतेकांची पद्धत. पुष्कळदा ती खपूनही जाते. पण एखाद्या वेळी खपली नाही, तर नुकसान त्या एका फ्रॅगपुरतं, म्हणजे प्रवाळाच्या छोट्या तुकड्यापुरतं, राहत नाही. अ‍ॅक्रोपोरा नावाचं दगडी प्रवाळ खाणारा चपटा किडा एकदा मुख्य टँकमध्ये शिरला की सगळ्या वसाहती खडकावरून उपटून काढून पुन्हापुन्हा धुवाव्या लागतात. खडकालाच धरून वाढलेली वसाहत असेल तर तेही जमत नाही.

डिपने हालचाल करणारे जीव मरतात किंवा सुटून पडतात, अंडी मात्र मरत नाहीत. बाजारातल्या कोणत्याही डिपवर अंड्यांच्या बाबतीत भरवसा ठेवता येत नाही. म्हणून अंडी फुटेपर्यंत थांबायचं, बाहेर आलेली पिल्लं वयात येण्याआधी पुन्हा डिप करायचं आणि हे चक्र तुटेपर्यंत चालू ठेवायचं, एवढाच मार्ग उरतो. क्वारंटाइनचं, म्हणजे नवं प्रवाळ वेगळ्या टँकमध्ये ठेवण्याचं, सगळं वेळापत्रक या एका गोष्टीवरून ठरतं.

सुरुवातीला कायद्याबद्दल, कारण भारतात राहणाऱ्यांसाठी तो टाळण्यासारखा विषय नाही. २००१ पासून सगळी दगडी प्रवाळं, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. मालवणच्या किंवा इतर कुठल्याही किनाऱ्यावरून जिवंत वा मेलेला तुकडा उचलणं हा गुन्हा आहे, आणि असा माल विकत घेणंही गुन्हाच. दगडी प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स (CITES) या वन्यजीव व्यापाराच्या कराराखालच्या परवान्यावर चालतो. तेव्हा माल कुठून आला याचे कागद विक्रेत्याकडे नसतील, तर तो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. खाली अ‍ॅक्रोपोरा, माँटिपोरा, युफिलिया या दगडी प्रवाळांचे उल्लेख येतील. जिथे टँकमध्ये वाढवलेले फ्रॅग कायदेशीरपणे मिळतात, अशा देशांत टँक ठेवणाऱ्या मराठी वाचकांना ते उपयोगी पडतील.

क्वारंटाइन टँक

६० × ३० × ३५ सेंटिमीटरची साधी काच पुरते. त्यात सुमारे ५५ लिटर पाणी बसतं. त्याहून लहान टँक घेऊ नका, कारण २० लिटरमध्ये एका दिवसाच्या बाष्पीभवनाने खारटपणा हलतो. तळ उघडा ठेवा, वाळू नको आणि खडकही नको. किडा कुठे पडला, अंडी कुठे आहेत, हे दिसायला हवं. फ्रॅग ठेवायला प्लॅस्टिकच्या जाळीचा तुकडा पाण्याच्या मधोमध बसवा, म्हणजे खालूनही पाहता येतं.

बाकी सामान: ५० ते १०० वॉटचा हीटर, स्वतंत्र थर्मामीटर, पाणी फिरवणारा एक लहान वेव्हमेकर, मंद करता येणारा एलईडी दिवा, आणि मुख्य टँकच्या सम्पमध्ये (गाळणीच्या जोडटाकीत) किमान चार आठवडे पडून राहिलेला स्पंज किंवा सिरॅमिकचे तुकडे. जिवाणूंची वस्ती आयती मिळते म्हणून हे तुकडे महत्त्वाचे. नवे कोरडे तुकडे टाकून त्याच दिवशी प्रवाळ ठेवलं तर अमोनिया चढतो. एक मात्र लक्षात ठेवा: मुख्य टँकमध्ये मरीन इक हा माशांचा परजीवी रोग असेल तर तो या स्पंजवरून इथेही येतो, आणि क्वारंटाइनच्या दिवसांची मोजणी स्पंज टाकला त्या दिवसापासून सुरू होते. स्किमरची (फेसाने घाण काढणाऱ्या यंत्राची) गरज नाही. मूठभर कार्बन जाळीच्या पिशवीत ठेवा, कारण लेदर आणि मशरूम ही मऊ प्रवाळं पाण्यात जी रसायनं सोडतात त्यांचा शेजारच्या दगडी प्रवाळांना त्रास होतो.

पाणी भरताना नव्याने मीठ कालवलेलं पाणी न घेता मुख्य टँकचं पाणी घ्या. ताज्या मिठाच्या पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट जवळजवळ शून्य असतात, आणि अशा पाण्यात प्रवाळ फिकट पडतं, शिवाय डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्म जीवांचा तपकिरी चिकट थर चढतो. पुढेही दर आठवड्याला सातआठ लिटर पाणी काढून मुख्य टँकचंच भरा. मुख्य टँकमधून क्वारंटाइनमध्ये पाणी जाईल, उलट कधीच नाही. जाळी, चिमटा, सायफनची नळी, पिपेट हे सगळं वेगळं ठेवा आणि त्यांना रंगीत टेप लावा, म्हणजे घरातल्या दुसऱ्या कुणाकडूनही अदलाबदल होणार नाही.

पाण्याचे आकडे: खारटपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार), म्हणजे २५ अंशांना विशिष्ट गुरुत्व १.०२६. तापमान २५ ते २७. अल्कॅलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४२० च्या आसपास, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास, नायट्रेट ५ ते १५, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ (कॅल्शियमपासून पुढचे आकडे पीपीएममध्ये). यांतला एखादा आकडा थोडा इकडेतिकडे असेल तर बिघडत नाही, तो रोज बदलत राहिला की बिघडतं. खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या द्रावणावर जुळवून घ्या. नळाच्या पाण्यावर शून्य जुळवलेला रिफ्रॅक्टोमीटर ३५ ला चुकलेला असू शकतो. उडालेल्या पाण्याच्या जागी रोज आरओ-डीआयचं (क्षार काढून टाकलेलं) गोडं पाणी घाला, खारं नाही.

मुंबईत एप्रिल-मे मध्ये इतक्या कमी पाण्याचं तापमान दुपारपर्यंत ३१ गाठतं. पाण्यावर तिरका लावलेला छोटा पंखा पुण्याच्या कोरड्या हवेत दोनतीन अंश सहज उतरवतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळी हवेत बाष्पीभवन कमी, म्हणून तोच पंखा निम्मंही काम करत नाही. तिथे खोलीचा एसी हवा, नाहीतर नवं प्रवाळ घ्यायला डिसेंबर-जानेवारीपर्यंत थांबा. वीज गेली तर हाताशी असावा म्हणून बॅटरीवरचा हवेचा पंप जवळ असू द्या.

पिशवी घरी आल्यावर

खोलीतला उजेड मंद करा, टँकचा दिवा बंद. बंद पिशवी क्वारंटाइन टँकच्या पाण्यावर १५ ते २० मिनिटं तरंगू द्या. तेवढ्यात तापमान जुळतं.

मग खारटपणा मोजा. फरक २ पीपीटीपेक्षा कमी असेल तर ठिबक पद्धतीची गरज नाही. दहा मिनिटांत तीनदा पेलाभर टँकचं पाणी घातलं की पुरे. फरक जास्त असेल तर नळीला गाठ मारून सेकंदाला दोनतीन थेंबांनी अर्धा ते पाऊण तास ठिबक लावा. त्याहून लांबवू नका. प्रवासात पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, आणि त्यामुळे तिथला अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होऊ लागतो. त्यात उघड्या भांड्यात पाणी थंडही होतं. दोन तासांच्या ठिबकेत जपणुकीपेक्षा धोकाच जास्त. कुरिअरमध्ये ज्याचे चोवीस तास गेलेत त्या प्रवाळाला तर लवकरात लवकर स्वच्छ पाण्यात आणा. पिशवीतलं पाणी मोरीत ओता, टँकमध्ये त्याचा थेंबही नको.

विक्रेत्याची अल्कॅलिनिटी आठवणीने विचारा. त्याच्याकडे ११ आणि तुमच्याकडे ७.५ असेल तर त्या प्रवाळासाठी तो मोठा धक्का असतो, आणि अ‍ॅक्रोपोराचं मांस टोकापासून किंवा बुडापासून सोलायला लागतं. अशा वेळी क्वारंटाइन टँकचा आकडा आधीच त्याच्या जवळ नेऊन ठेवा आणि मग दिवसाला अर्धा डीकेएच याप्रमाणे खाली आणा. ही सोय मुख्य टँकमध्ये मिळत नाही.

तपासणी आणि डिप

आधी हातमोजे आणि चष्मा. झोअँथिड आणि पॅलिथोआ या बटणासारख्या मऊ प्रवाळांमध्ये पॅलिटॉक्सिन हे जबर विष असू शकतं, आणि ते जखमेतून, डोळ्यांतून किंवा वाफेवाटे शरीरात जातं. ही प्रवाळं कोरडी घासू नका, त्यांचा खडक उकळू नका, गरम पाण्याखाली धरू नका. कापायची असतील तर पाण्याखाली, बाहेरच्या बाजूला तोंड करून. मुलांना आणि पाळीव प्राण्यांना त्या वेळी खोलीबाहेर ठेवा.

मग फ्रॅग ज्यावर चिकटवलेला असतो तो मूळ प्लग काढून फेका. अनेकांना हे फुकटचं काम वाटतं, पण बहुतेक संकटं प्लगवरूनच येतात: एप्टेसिया या उपद्रवी समुद्रफुलाची मुळी, व्हर्मेटिड गोगलगायीची नळी, व्हॅलोनियाचे हिरवे बुडबुडे, ब्रायॉप्सिसचं पिसासारखं शेवाळ, आणि माशांच्या मरीन इकच्या गाठी. दगडी प्रवाळ हाडकापाशी कटरने कापता येतं. प्रवाळ प्लगवर पूर्ण पसरलं असेल तर प्लगचा दांडा आणि खालची बाजू तरी छाटा.

आता दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि टॉर्च घ्या. अ‍ॅक्रोपोराच्या बुडाशी मांस आणि उघडं हाडूक जिथे भेटतं, त्या रेषेच्या किंचित खाली पाहा. चपट्या किड्याची अंडी तिथे उघड्या हाडकावर असतात: सोनेरी-तपकिरी, खसखशीहून बारीक गोळ्या, एकमेकींना चिकटून शिवणीच्या टाक्यांसारख्या ओळीत किंवा ठिपक्यात. मांसावर गोल, फिकट, जवळपास एकसारख्या आकाराचे डाग दिसले तर ती त्याची चावण्याची खूण. किडा स्वतः पारदर्शक असतो आणि प्रवाळाचाच रंग घेतो, त्यामुळे टँकमध्ये तो डोळ्यांना दिसत नाही. माँटिपोराची पालथी बाजू पाहा, तिथे काही मिलिमीटरचे पांढरे, झालरीसारख्या कडेचे न्यूडिब्रँक (शिंपला नसलेल्या समुद्री गोगलगायी) आणि त्यांची अंडी सापडतात. झोअँथिडच्या देठांमध्ये अंड्यांची पांढरी वेटोळी, देठांना बिलगलेले कोळ्यासारखे लांब पायांचे जीव, आणि तळाशी काळ्यापांढऱ्या चौकड्यांची चपटी सनडायल गोगलगाय शोधा. अंडी दिसली की धारदार सुरीने खरवडा. शक्य असेल तर तेवढा हाडकाचा भागच कापून टाका.

तीन पांढरी भांडी मांडा, प्रत्येकात दीड लिटर टँकचं पाणी. पांढरीच घ्या, कारण पडलेले किडे रंगीत भांड्यात दिसत नाहीत. पहिल्यात डिप, उरलेल्या दोन खळबळण्यासाठी. कोरल आरएक्स किंवा रिव्हाइव्हसारखं तयार डिप घ्या आणि मात्रा बाटलीवरची, अंदाजाने नाही. वेळ ५ ते १० मिनिटं. नुसतं बुडवून ठेवून उपयोग नाही: दर अर्ध्या मिनिटाने मोठ्या पिपेटने फांद्यांच्या मधून आणि बुडाशी जोरात पाणी मारा. किडे गुंगतात, पण प्रवाहाशिवाय सुटत नाहीत. लेदर आणि मशरूम भरपूर चिकट स्राव सोडतात, म्हणून त्यांचं डिप वेगळ्या भांड्यात आणि सगळ्यांत शेवटी.

काही देशांत अंगणातल्या कीटकनाशकाने डिप करण्याची पद्धत आहे. ते किड्यांवर चालतं, पण ते या कामासाठी बनवलेलं नाही, थोडंसं टँकमध्ये गेलं तरी कोळंबी आणि खेकडे मरतात, आणि मोरीतून पुढे कुठे जातं हाही प्रश्न आहे. तयार डिप उपलब्ध असताना त्याची गरज नाही.

आयोडीनचं काम निराळं. प्रवासात फाटलेलं मांस, कापलेली कडा यांसाठी लुगोलचं ५ टक्के द्रावण लिटरला ५ थेंब, १० मिनिटं. चपट्या किड्यांसाठी त्यावर विसंबू नका. झोअँथिडवर शेवाळ असेल तर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड एक लिटर पाण्यात १०० मिली, ५ मिनिटं. हे फक्त झोअँथिडना, युफिलिया किंवा झेनियाला कधीही नाही.

डिप झाल्यावर भांडं हलवू नका. पाच मिनिटं गाळ बसू द्या, मग टॉर्च तिरका धरून तळ पाहा. बारीक कोपेपॉड, छोटे काटेरी अळीसारखे जीव आणि ठिसूळ तारामासे निरुपद्रवी असतात. तपकिरी ठिपका वाटणारी वस्तू पिपेटने हलवल्यावर कडा दुमडू लागली, तर तो चपटा किडा. फोटो काढून ठेवा, कारण पुढच्या डिपचं अंतर त्यावरून ठरणार आहे.

दोन्ही भांड्यांत मिनिटभर खळबळा, नव्या प्लगवर सायनोअ‍ॅक्रिलेट जेलने चिकटवा आणि जाळीवर ठेवा. गोंद मांसावर येऊ देऊ नका.

उजेड

नवं प्रवाळ पाण्यापेक्षा उजेडाने जास्त मरतं, असं आमचं ठाम मत आहे. प्रवाळाच्या मांसात राहणाऱ्या सूक्ष्म शेवाळाला झेपेल त्याहून जास्त उजेड मिळाला की ते ऑक्सिजनचे दाहक रेणू तयार करतं, आणि प्रवाळ त्या शेवाळालाच बाहेर टाकतं. मग उरतं पारदर्शक मांस आणि खालचं पांढरं हाडूक. जास्त उजेडाचं नुकसान काही दिवसांत होतं आणि भरून यायला महिने लागतात. कमी उजेडाने प्रवाळ तपकिरी पडतं, तेही काही आठवड्यांनी, आणि ते सहज सुधारतं. शंका असेल तेव्हा कमी उजेड द्या.

पहिला आठवडा सगळ्यांना ५० ते ८० पीएआर (प्रवाळातल्या शेवाळाला उपयोगी उजेडाचं माप), रोज ६ ते ८ तास. मीटर नसेल तर दिवा मुख्य टँकच्या नेहमीच्या तीव्रतेच्या ३० टक्क्यांवर ठेवा. मग आठवड्याला साधारण दहा टक्के वाढवा. मशरूम १०० च्या आतच खूश असतात. झोअँथिड आणि युफिलियाला ८० ते १५० पुरतं. अ‍ॅक्रोपोराला शेवटी २५० ते ३५० लागतं, पण तिथवरचा बराचसा प्रवास मुख्य टँकमध्ये खालून वर सरकवत करायचा आहे.

प्रवाह मध्यम आणि बदलता हवा. युफिलियाचे तंतू डुलले पाहिजेत, एका बाजूला दाबून राहता कामा नयेत.

पुढचे आठवडे

चपट्या किड्याची अंडी २५ अंशांच्या आसपास दोन ते तीन आठवड्यांत फुटतात, गरम पाण्यात लवकर. पिल्लू वाढून स्वतः अंडी घालायला लागेपर्यंत पाच ते सहा आठवडे जातात. म्हणून अ‍ॅक्रोपोराला दर आठवड्याला डिप, असं सहा आठवडे. माँटिपोरा न्यूडिब्रँकची अंडी आठवडाभरात फुटू शकतात, तेव्हा तिथे दर चारपाच दिवसांनी, तीन ते चार आठवडे. युफिलिया, मशरूम, लेदर यांना दर आठवड्याचं डिप सोसत नाही. त्यांना पहिलं डिप, मग दोन आठवड्यांनी एक, आणि मुख्य टँकमध्ये नेण्याआधी एक. शेवटच्या दोन डिपमध्ये भांड्याचा तळ स्वच्छ असला पाहिजे. काही सापडलं तर मोजणी पुन्हा एकपासून.

माशांच्या रोगाचा हिशेब वेगळा. क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स, म्हणजे मरीन इक, प्रवाळाला लागत नाही, पण त्याच्या गाठी प्लगवर, हाडकावर, गोगलगायीच्या शिंपल्यावर चिकटून येतात. तांब्याचं औषध प्रवाळांच्या टँकमध्ये वापरता येत नाही, म्हणून मासा न ठेवता परजीवीला उपाशी मारायचं. छंदात रुळलेला आकडा ७६ दिवसांचा आहे. पाणी सतत २७ अंशांना ठेवलं तर अनेक जण ४५ दिवसांवर थांबतात. तुमचे सगळे मासे स्वतः क्वारंटाइनमधून आलेले असतील तर पूर्ण ७६ दिवस पाळा, नाहीतर ती मेहनत वाया जाईल. मुख्य टँकमध्ये इक आधीपासूनच वावरत असेल, तर सहा आठवड्यांनंतर थांबण्यात अर्थ नाही. मधेच एखादा नवा फ्रॅग किंवा गोगलगाय टाकली, तर सगळ्यांचे दिवस त्या तारखेपासून मोजा.

रोजचं काम दहा मिनिटांचं: तापमान, गोड्या पाण्याची भर, आणि टँकचे दिवे बंद झाल्यावर तासाभराने लाल टॉर्चने एक नजर. न्यूडिब्रँक आणि शिकारी गोगलगायी रात्रीच बाहेर येतात. अल्कॅलिनिटी आठवड्यातून दोनदा मोजा. युफिलिया आणि मोठ्या तोंडाच्या प्रवाळांना आठवड्यातून एकदा मायसिस कोळंबीचे दोनतीन तुकडे, उरलेलं तासाभरात सायफनने बाहेर.

काय बिघडतं

डिपनंतर पॉलिप (प्रवाळाची छोटी तोंडं) दोनतीन दिवस मिटलेले राहणं स्वाभाविक आहे, झोअँथिड तर आठवडाही घेतात. त्यांना रोज हलवून पाहू नका.

वरून पांढरं पडत असेल तर आधी उजेड कमी करा. बुडापासून पांढरं पडत असेल तर अल्कॅलिनिटी, किडे आणि प्रवाह या क्रमाने तपासा. अ‍ॅक्रोपोराचं मांस काही तासांत सोलत चाललं असेल तर वाट पाहू नका: निरोगी भागात एक सेंटिमीटर आत येऊन कापा आणि वरचा तुकडा नव्या प्लगवर लावा.

युफिलियावर तपकिरी, बुळबुळीत, दुर्गंधी येणारा थर दिसला तर तो ब्राउन जेली रोग. त्यात मांस खाणारे सूक्ष्म जीव असतात आणि ते प्रवाहाबरोबर शेजारी पसरतात. आधी वेव्हमेकर बंद करा, थर सायफनने ओढून घ्या, बाधलेलं डोकं हाडकापाशी कापून फेका, उरलेल्याला आयोडीनचं डिप द्या आणि वेगळ्या भांड्यात ठेवा. पिपेटने थर उडवणं ही नेहमीची चूक, त्याने रोग सगळीकडे पोचतो.

मुख्य टँकमध्ये नेताना

शेवटचं डिप, भिंगाखाली शेवटची नजर, क्वारंटाइनमधला प्लग टाकून नवा प्लग. मुख्य टँकमध्ये आधी वाळूवर किंवा खालच्या जाळीवर, ठरलेल्या जागेच्या निम्म्या उजेडात ठेवा आणि दोन ते चार आठवड्यांत टप्प्याटप्प्याने वर न्या. युफिलियाच्या भोवती १५ सेंटिमीटर मोकळी जागा सोडा, रात्री त्याचे डंखाचे तंतू तेवढे लांबू शकतात.

रिकामा टँक गोड्या पाण्याने धुऊन उन्हात खडखडीत वाळवा, जाळी आणि पंपाचे भागही. पूर्ण वाळल्यावर इकच्या गाठी आणि किड्यांची अंडी टिकत नाहीत. वापरलेला स्पंज सम्पमध्ये परत टाकू नका. पुढच्या वेळेसाठी दुसरा स्पंज आजच सम्पमध्ये ठेवून द्या, त्याला तयार व्हायला महिना लागतो.